एकाच क्लायंटकडे किती दिवस राहायचं? काँट्रॅक्टवर काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बरीच वर्षं काँट्रॅक्टवर काम करतेय, डेटा आणि बॅकएंडचं काम. नोकरी सोडून नवीन नवीन या बाजूला आलेले जुने सहकारी फोन करतात आणि फिरून फिरून तोच प्रश्न येतो, की चांगला क्लायंट मिळालाय, आता इथे किती दिवस थांबू. प्रत्येकाला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. हे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे जे स्वतःच्या नावाने इनव्हॉइस देतात. व्हेंडरच्या (क्लायंटला माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या) पेरोलवर असलेल्यांसाठी मधे एक वेगळा प्रश्न घेतलाय.

सरळ सांगा ना, किती महिने?

माझं उत्तर १८ ते २४ महिने. सहा महिन्यांच्या आत सोडू नका (पैसे बुडवत असतील किंवा माणसं त्रास देणारी असतील तर वेगळं), आणि दोन वर्षांच्या पुढे थांबायचं असेल तर थांबायचं कारण कागदावर लिहिता आलं पाहिजे. "इथे बरं चाललंय" हे कारण धरायचं नाही, कारण बरं चाललेलं असतानाच आपण सगळ्यात जास्त ढिले पडतो.

१८ महिनेच का? हा आकडा कुठून आणला?

साधा हिशोब आहे, एकदा स्वतः करून बघा. समजा एक काम संपलं की दुसरं मिळेपर्यंत सरासरी ६ आठवडे घरी बसावं लागतं. दर ६ महिन्यांनी क्लायंट बदललात तर २६ आठवडे काम आणि ६ आठवडे रिकामे, म्हणजे जवळपास १९ टक्के वेळ बिनपैशाचा. हेच १८ महिने राहिलात तर ७८ आठवड्यांमागे ६, म्हणजे ७ टक्के. आणि तीन वर्षं राहिलात तर साधारण पावणेचार टक्के.

आता नीट बघा, ६ वरून १८ महिन्यांवर गेल्याने जवळपास १२ टक्के वाचले, पण १८ वरून ३६ वर गेल्याने फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्या दीड वर्षात स्थिरपणाचा बहुतेक फायदा मिळून गेलेला असतो, त्यापुढे जे मिळतं ते थोडं, आणि त्याच्या बदल्यात जे द्यावं लागतं (रेट अडकतो, स्किल गंजतं, ओळखी तुटतात) ते मात्र वाढत जातं. तुमची गॅप ६ ऐवजी १२ आठवड्यांची असेल तर तुमचा आकडा वर सरकेल, म्हणून माझा आकडा डोळे झाकून घेऊ नका, स्वतःचा गॅप टाकून काढा.

पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?

ही म्हण मला घरात प्रत्येक रिन्यूअलला ऐकवली गेलीय आणि ती खोटी नाहीच. पण काँट्रॅक्टवर असताना "हातचं" म्हणजे नक्की काय ते बघा. ॲग्रीमेंट काढा आणि टर्मिनेशनचं कलम वाचा. बहुतेक ठिकाणी १५ किंवा ३० दिवसांची नोटीस असते, म्हणजे पाच वर्षं राहिलात तरी तुमच्या हातात ३० दिवसच असतात, पहिल्या महिन्यात होते तेवढेच.

हे मी स्वतःवर काढलंय. एका क्लायंटकडे मी साडेचार वर्षं होते. माणसं फार चांगली, दिवाळीला घरी मिठाई यायची, टीममधल्या मुलाच्या लग्नाला मी आळेफाट्यापर्यंत जाऊन आले. मला मनापासून वाटायचं की आता मी त्यांच्यातलीच एक. मग एका तिमाहीत वरून बजेट गोठलं आणि सगळ्या बाहेरच्या लोकांना एकाच दिवशी मेल आला, ३० दिवस. कुणी वाईट वागलं नाही, मॅनेजरने फोन करून खूप वाईट वाटतंय म्हणून सांगितलं आणि त्याला खरंच वाटत होतं. पण माझं शंभर टक्के उत्पन्न तिथून येत होतं, साडेचार वर्षांत मी बाहेर एकही इंटरव्ह्यू दिला नव्हता, आणि जे टूल मी वापरत होते ते बाहेर लोक सोडून पुढे गेले होते. पुढचं काम मिळायला चार महिने लागले आणि ते आधीच्यापेक्षा कमी रेटला मिळालं. तेव्हापासून मी हा विषय फार गंभीरपणे घेते.

आमच्याकडे उसाचं बघितलंय मी लहानपणापासून. ज्याला एकाच कारखान्याला ऊस घालता येतो त्याची तोडणी कधी येणार हे कारखाना ठरवतो, उसाला तुरे आले तरी टोळीची वाट बघत बसायचं. दुसरा कारखाना ऊस न्यायला तयार असला की तोच शेतकरी वेगळ्या आवाजात बोलतो, आणि ऊस तर तोच असतो.

रेट कधी आणि कसा वाढवून मागायचा?

दर १२ महिन्यांनी, रिन्यूअलच्या ६ ते ८ आठवडे आधी, लेखी. शेवटच्या आठवड्यात मागितला तर समोरच्याकडे बजेट हलवायला वेळच नसतो आणि तो खरंच नाही म्हणतो.

आपल्याकडे लोक इथेच मार खातात, कारण ओळख वाढली की तोंड उघडवत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. रेट तोच राहिला म्हणजे काही तोटा नाही असं वाटतं, पण ६ टक्के महागाई धरली तर चार वर्षांत तुमच्या १०० रुपयांची किंमत साधारण ७९ रुपये उरते. म्हणजे तुम्ही अनुभवाने वाढताय आणि दर वर्षी स्वतःच स्वतःचा पगार कापताय.

दोन रिन्यूअल लागोपाठ "या वर्षी जमणार नाही, पुढच्या वर्षी नक्की बघू" असं उत्तर आलं तर माझ्या मते निर्णय झालेला आहे. भांडायचं नाही, दुसरीकडे बोलणी चालू करायची.

एकाच क्लायंटकडून किती टक्के उत्पन्न असलं तर चालतं?

पूर्णवेळ काँट्रॅक्ट असेल तर ८०–९० टक्के तिथूनच येणार, ते टाळता येत नाही, आणि जे म्हणतात कुठल्याही क्लायंटचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका ते बहुतेक छोटी छोटी कामं करणारे असतात. मी दोन गोष्टी करते. एक, बाकीचे १०–२० टक्के दुसऱ्या कुणाकडून तरी येतीलच असं बघते, शनिवारी एखाद्या छोट्या कंपनीचं काम, एखादं ट्रेनिंग, काहीही. ते पैसे महत्त्वाचे नाहीत, बाहेरचं दार उघडं राहतं ते महत्त्वाचं. (मुख्य क्लायंटच्या ॲग्रीमेंटमध्ये दुसरं काम घेऊ नका असं लिहिलेलं नाही ना ते आधी बघा.) दुसरं, क्लायंट जितका एकटा तितकी शिल्लक मोठी. एकच क्लायंट असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, आणि ॲडव्हान्स टॅक्सचे पैसे त्यात धरायचे नाहीत, ते आपले नसतातच.

जास्त वर्षं एकाच ठिकाणी राहिलं तर मला नोकर धरलं जाईल का?

भारतात नुसत्या वर्षांवरून असं होत नाही. कोर्ट बघतं की कामावर ताबा कुणाचा, म्हणजे काय करायचं एवढंच सांगितलं जातं की कसं करायचं तेसुद्धा. १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या केसमध्ये ही कसोटी मांडली, ती मिठागरातल्या कामगारांची केस होती. पुढे १९७३ च्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की एकट्या ताब्यावर ठरवता येत नाही, बाकीच्या गोष्टीही बघायच्या.

टॅक्सच्या बाजूनेही हा वाद येतो. पुण्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या कन्सल्टंट डॉक्टरांना मिळणारे पैसे पगार धरायचे की प्रोफेशनल फी, यावर प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये हॉस्पिटलच्या बाजूने लागलं.

म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा या खुणा बघा: रजेसाठी परवानगी मागावी लागते, ठरलेल्या वेळी हजेरी लावावी लागते, अप्रेझल फॉर्म भरावा लागतो, लॅपटॉप त्यांचा, ईमेल त्यांचा, आणि दुसरं काम घ्यायला बंदी. हे सगळं असेल तर तुम्ही नोकरी करताय, फक्त पीएफ आणि सुट्ट्यांशिवाय. कायद्याचं नंतर बघू, आधी हे विचारा की असं असेल तर त्या बदल्यात रेट तरी तेवढा जास्त मिळतोय का.

परदेशात असतो, तिकडे नियम वेगळे आहेत का?

हो, आणि तिकडे वर्षांना खरंच अर्थ आहे. ब्रिटनमध्ये आयआर३५ आहे २००० सालापासून (स्वतःची कंपनी काढून काम करणाऱ्याला टॅक्ससाठी नोकर धरायचं का, ते ठरवणारा नियम), आणि एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मोठ्या आणि मध्यम क्लायंटनी स्वतः ठरवायचं असतं की तुम्ही त्यात येता की नाही. त्याशिवाय प्रवासखर्चाचा २४ महिन्यांचा नियम आहे, एका ठिकाणी ४० टक्के किंवा जास्त वेळ घालवत २४ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असं कळल्या दिवसापासून तिथे जाण्यायेण्याचा खर्च टॅक्समध्ये धरता येत नाही. लक्षात घ्या, २४ महिने पूर्ण झाल्यावर नाही, कळल्यापासून. नवव्या महिन्यात दोन वर्षांचं एक्स्टेंशन सही केलंत तर तिथूनच. जर्मनीत एजन्सीमार्फत दुसऱ्या कंपनीत पाठवलेल्या माणसाला २०१७ पासून साधारणपणे १८ महिन्यांची मर्यादा आहे.

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर त्यांच्याच वर्षानुवर्षं राहिलेल्या टेंपररी लोकांनी केस केली होती आणि २००० मध्ये ती ९७ मिलियन डॉलरवर मिटली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या कंपन्या बाहेरच्या माणसाला ठराविक महिन्यांनंतर सक्तीचा ब्रेक देतात, खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये १८ महिने काम आणि मग ६ महिने बाहेर असा नियम केला. तुमचा अमेरिकन क्लायंट असेल आणि अचानक म्हणाला की आता थांबावं लागेल, तर ते तुमच्या कामावरून नसेलही, त्यांच्या पॉलिसीत काय आहे ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

मी व्हेंडरच्या पेरोलवर आहे, मला हे लागू होतं का?

अर्धंच. तुम्ही व्हेंडरचे एम्प्लॉयी आहात, पीएफ असतो, आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब व्हेंडरकडच्या नोकरीवर चालतो, क्लायंटकडे किती राहिलात त्यावर नाही. ग्रॅच्युइटीला साधारणपणे ५ वर्षं लागतात, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सोशल सिक्युरिटी कोडमध्ये फिक्स्ड टर्म (ठराविक मुदतीची नोकरी) असेल तर एका वर्षावरही मिळते. तेव्हा अपॉइंटमेंट लेटरमध्ये "फिक्स्ड टर्म" लिहिलंय का ते बघा आणि अकराव्या महिन्यात उगाच राजीनामा देऊ नका. रेट आणि स्किलबद्दल जे लिहिलंय ते मात्र तुम्हालाही जसंच्या तसं लागू.

टॅक्स आणि जीएसटीचा राहण्याच्या कालावधीशी काही संबंध?

थेट नाही, पण मोठा आणि सलग क्लायंट असला की आकडे पटकन मर्यादेला लागतात म्हणून सांगते. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी रजिस्ट्रेशन लागतं. परदेशी क्लायंट असेल आणि ते एक्स्पोर्ट ऑफ सर्व्हिसेसमध्ये बसत असेल तर एलयूटी (लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे जीएसटीकडे द्यायचं हमीपत्र) भरून टॅक्स न लावता बिल देता येतं. प्रोफेशनल लोकांची अंदाजित उत्पन्नाची योजना (जुनं ४४एडीए, अर्धी रक्कम नफा धरायची) ५० लाखांपर्यंत, आणि रोखीने आलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, सीए जुन्या नंबरने बोलला तर गोंधळू नका.

क्लायंट जुना झाला की पेमेंट उशिरा यायला लागतं, काय करायचं?

हे इतकं सर्रास आहे की मी याला निघण्याची पहिली खूण मानते. नवीन असताना ३० दिवसांत येणारं बिल तिसऱ्या वर्षी ७५ दिवसांवर जातं, कारण तुम्ही काही बोलणार नाही हे अकाउंट्सला माहीत झालेलं असतं.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट आहे, ऑनलाइन होतं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात (लेखी करार नसेल तर १५), आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आता या मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरता येतो, आणि मार्च जवळ आला की याचा चांगलाच उपयोग होतो. मी इनव्हॉइसवर उद्यम नंबर छापते, फेब्रुवारीत एक सभ्य मेल टाकते. भारतीय क्लायंटलाच हे लागू आहे, परदेशी क्लायंटला नाही.

ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय की सोडल्यावर एक वर्ष त्यांच्या स्पर्धकाकडे काम करायचं नाही. मग कसं निघू?

१८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ वाचा, धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. करार चालू असतानाची बंदी टिकते, संपल्यानंतरची सहसा टिकत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानची केस याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात गेली होती २००६ मध्ये, परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी केलेला करार संपल्यावरही आमच्याशीच आधी बोलायचं असं कलम होतं, आणि कोर्टाने ते करार संपल्यानंतर लागू करायला नकार दिला.

पण याचा अर्थ क्लायंटचा डेटा, कोड, ग्राहकांची यादी घेऊन जायची असा नाही. गुप्ततेचं कलम टिकतं आणि टिकलंच पाहिजे. व्हेंडरमार्फत असाल तर क्लायंटकडे थेट जाण्याबद्दलचं कलम वेगळं असतं, तिथे पैशाची रक्कम लिहिलेली असते, ते वकिलाला दाखवा.

मी बनवलेला कोड कुणाचा?

नोकराने बनवलेलं मालकाचं, पण स्वतंत्र काँट्रॅक्टरने बनवलेलं, वेगळं लिहिलेलं नसेल तर, सुरुवातीला काँट्रॅक्टरचं, असं आपला १९५७ चा कॉपीराइट ॲक्ट सांगतो. बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये ते क्लायंटला दिलेलं असतंच. फक्त एक लक्षात ठेवा, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. जास्त वर्षं राहिलेल्यांनी जुनी ॲग्रीमेंट एका फोल्डरमध्ये ठेवा, मधली दोन रिन्यूअल नुसत्या मेलवर झालेली असतात आणि नंतर कुणालाच काही सापडत नाही.

स्किल गंजतंय हे कळणार कसं? आत असताना कळत नाही.

बरोबर आहे, कळत नाही, म्हणून बाहेरून मोजावं लागतं. मी दर सहा महिन्यांनी एक इंटरव्ह्यू देते, काम हवं असो नसो, आणि समोरच्याला खरं सांगते की आत्ता मोकळी नाहीये पण पुढच्या तिमाहीत बोलू शकते. एकदाही कुणी रागावलेलं नाही. त्यात जे प्रश्न आले आणि मला उत्तर आलं नाही ते लिहून ठेवते. सलग दोन इंटरव्ह्यूत तेच अडलं तर तो विषय क्लायंटच्या कामात आणता येतो का बघते. येत नसेल तर निघायची तयारी.

अजून एक खूण. पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये तुम्ही "हे असं का करतोय आपण" असं विचारायचात. आता विचारत नाही, कारण उत्तर माहितीये, आणि ते उत्तर "आधीपासून असंच आहे" हे आहे. पाट्या टाकणं इथून चालू होतं, आणि पाट्या टाकणाऱ्याला जास्त रेट कुणी का द्यावा.

दोन वर्षांच्या पुढे राहणं कधी बरोबर असतं?

घरात आजारपण आहे, लहान मूल आहे, होम लोन काढायचंय आणि बँकेला सलग दोन-तीन वर्षांची रिटर्न्स दाखवायचीत, ही सगळी खरी कारणं आहेत आणि त्यासाठी राहिलात तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. माझ्या सासऱ्यांच्या डायलिसिसच्या काळात मी एका क्लायंटकडे मुद्दाम थांबले, काम कंटाळवाणं होतं, पण दुपारी दोन तास मी गायब असायचे आणि कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ते त्या वर्षी मला कुठल्याही रेटपेक्षा मोलाचं होतं. किंवा काम खरंच बदलत असेल, दुसऱ्या वर्षी नवीन सिस्टीम, तिसऱ्या वर्षी आर्किटेक्चर तुमच्या हातात, तर क्लायंट तोच असला तरी काम नवं आहे. फक्त कारणाला तारीख लावा. लोन झालं की, मूल शाळेत गेलं की, पुन्हा बसून ठरवायचं.

निघताना संबंध बिघडले तर?

नीट निघालं तर बिघडत नाहीत. नोटीस ३० दिवसांची असली तरी शक्य असेल तर मी ४५ ते ६० दिवस आधी सांगते, तोंडी आधी मॅनेजरला, मग मेल. रिलीजच्या तोंडावर कधीच सांगत नाही. हँडओव्हरची कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात लिहायची गोष्ट नाही, मी ती पहिल्या महिन्यापासून लिहिते, त्यामुळे केटीला (नवीन माणसाला काम समजावून द्यायला) चार दिवस पुरतात आणि तुमच्यामागे कुणी रात्री फोन करत नाही. शेवटचं बिल, टीडीएस आणि थोडक्यात चार ओळींचं पत्र की अमुक काळात अमुक काम केलं, हे निघायच्या आधी मागून घ्या, नंतर तुमचा ओळखीचा माणूसच तिथून गेलेला असतो.

सोडल्यावर परत त्याच क्लायंटकडे गेलं तर चालतं का?

का नाही. दोन वर्षं काम करून मी सोडलेला एक क्लायंट चौदा महिन्यांनी परत आला, त्यांना एक मायग्रेशन करायचं होतं आणि जुनी सिस्टीम माहीत असलेलं कुणी उरलं नव्हतं. आत असताना दोनदा मागून न मिळालेला रेट त्यांनी या वेळी पहिल्याच फोनवर मान्य केला, वर मीच म्हटलं की चार महिन्यांचंच काँट्रॅक्ट करू. चार महिन्यांत मायग्रेशन झालं आणि मी पुढच्या कामाला लागले.